लेनिनग्राडच्या पंकला ‘भूमिगत’ म्हणावे का?

पेठेतला पाहुणा (धागाकर्ता)

सोव्हिएत काळातील पंक, म्हणजे मुद्दाम रांगड्या आणि बंडखोर रॉक संगीताबद्दल मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात ‘भूमिगत’ हे विशेषण हमखास येते, आणि माझा आक्षेप नेमका त्या शब्दाला आहे. भूमिगत म्हटले की आपल्याला १९४२ आठवते: उषा मेहतांचे गुप्त रेडिओ केंद्र, पुढे साताऱ्याचे प्रतिसरकार, डोक्यावर इनाम लागलेले नाना पाटील. राज्य उलथवण्यासाठी, पकडले गेल्यास काय होईल हे पुरते ठाऊक असूनही दडून काम करणारी माणसे, असा त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे मुरलेला आहे. लेनिनग्राडचे (आजच्या सेंट पीटर्सबर्गचे) पंक या अर्थाने भूमिगत नव्हते, आणि त्यांना तसे ठरवून आपण त्यांचे वेगळेपण पुसून टाकतो असे मला वाटते.

सुरुवात पाहा. आन्द्रेई पानोव, ज्याला सगळे ‘स्विन’ म्हणजे डुक्कर म्हणत, त्याने १९७९ मध्ये ‘आव्तोमातिचेस्किये उदोव्लेत्वोरितेली’ (शब्दशः ‘स्वयंचलित समाधानकर्ते’) हा गट काढला. हा कीरोव बॅलेतील नामवंत नर्तक वालेरी पानोव यांचा मुलगा. वडील १९७४ मध्ये इस्रायलला निघून गेले आणि मुलगा लेनिनग्राडमध्येच राहिला. त्याच्या घरी जमणाऱ्या टोळक्याचा कार्यक्रम म्हणजे आरडाओरडा, वेडेचाळे आणि शेजाऱ्यांची झोपमोड. पुढे ‘कीनो’ गटामुळे देशभर गाजलेला व्हिक्तोर त्सोई याच गोतावळ्यातून आला. यांपैकी कोणी पत्रके वाटली नाहीत की कोणती मागणी केली नाही.

त्यांच्या उदरनिर्वाहाचे काय, हा प्रश्न मला अधिक रंजक वाटतो. सोव्हिएत कायद्याने काम न करणे हा ‘ऐतखाऊपणा’चा गुन्हा होता, कवी जोसेफ ब्रॉड्स्की यांना १९६४ मध्ये याच आरोपाखाली शिक्षा झाली होती. त्यामुळे प्रत्येकाला सरकारदरबारी कोठेतरी नोकरी दाखवणे भाग होते, आणि या मुलांनी अशा नोकऱ्या धरल्या ज्यांत पगार तुटपुंजा असला तरी वेळ भरपूर मिळे, म्हणजे रात्रीचा पहारा, झाडलोट किंवा इमारती उबदार ठेवणाऱ्या बॉयलरघरांत कोळसा टाकणे. त्सोई १९८६ पासून ज्या बॉयलरघरात काम करत होता त्याला त्या मंडळींनी ‘कामचात्का’ असे नाव दिले होते. थोडक्यात, ज्या राज्याला हे लोक जुमानत नव्हते त्याच राज्याच्या पगारावर आणि त्याच्याच कोळशाच्या उबेला बसून त्यांनी गाणी रचली. त्यात ७ मार्च १९८१ रोजी रुबिन्श्टाइन रस्त्यावर १३ क्रमांकाच्या इमारतीत लेनिनग्राड रॉक क्लब उघडला, तोही केजीबी या गुप्त पोलीस यंत्रणेच्या नजरेखाली. तेथे गाण्यापूर्वी गीतांचे शब्द तपासून मंजूर करून घ्यावे लागत. मानववंशशास्त्रज्ञ अलेक्सेई युर्चाक यांनी अशा जगण्यासाठी ‘व्न्ये’ हा रशियन शब्द वापरला आहे. व्यवस्थेच्या आत राहायचे, पण तिच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही; तिच्या हिशेबातच बसायचे नाही, असा त्याचा रोख आहे. ‘भूमिगत’ या शब्दात यांतले काहीच येत नाही.

चकवा

आपले लेनिनग्राडविषयीचे निरीक्षण मान्य आहे, परंतु लेनिनग्राड ही दर्शनी खिडकी होती. परदेशी पर्यटक, विद्यापीठ, कलावंतांच्या ओळखीपाळखी हे सारे तेथे होते. मॉस्कोपासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर पूर्वेला, सायबेरियातील ओम्स्क येथे जाऊन पाहा, मग ‘भूमिगत’ हा शब्द इतका परका वाटणार नाही.

तेथे ८ नोव्हेंबर १९८४ रोजी, म्हणजे ७ नोव्हेंबरला साजऱ्या होणाऱ्या ऑक्टोबर क्रांतीच्या वर्धापनदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, वीस वर्षांच्या येगोर लेतोवने कॉन्स्तान्तिन र्‍याबिनोवच्या साथीने ‘ग्राझ्दान्स्काया ओबोरोना’ म्हणजे ‘नागरी संरक्षण’ हा गट स्थापन केला. हवाई हल्ल्याच्या वेळी काय करावे हे शाळाशाळांतून शिकवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे हे नाव. त्याचे संक्षिप्त रूप ‘ग्रोब’, आणि रशियनमध्ये ग्रोब म्हणजे शवपेटी. वर्षभरात केजीबी दारात आली. डिसेंबर १९८५ मध्ये लेतोवला मनोरुग्णालयात डांबले आणि मार्च १९८६ पर्यंत तेथे ठेवून त्याच्यावर जबरदस्तीने औषधे चालवली. र्‍याबिनोवला हृदयाचा त्रास असताना सैन्यात पाठवले. ओळखीचे लोक टाळू लागले, तेव्हा १९८७ मध्ये लेतोवने आपल्या राहत्या घरात बव्हंशी एकट्यानेच ढोल, गिटार आणि आवाज एकावर एक चढवत एकापाठोपाठ एक अल्बम मुद्रित केले. त्याच वर्षी नोवोसिबिर्स्कच्या रॉक महोत्सवात गायल्यावर पुन्हा रुग्णालयाची टांगती तलवार आली, आणि तो गायिका यांका द्यागिलेवाबरोबर जवळजवळ वर्षभर, मिळेल त्या वाहनाला हात दाखवत, देशभर फिरत राहिला.

पोलीस मागावर असताना गावोगावी ओळखीच्या घरी मुक्काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याने भूमिगतच म्हटले असते. आपण एका शहराचा नियम साऱ्या देशाला लावत आहात.

जुनी कॅसेट

आपण दोघेही माणसे भूमिगत होती की नव्हती यावर वाद घालत आहात. माझ्या मते भूमिगत होती ती ध्वनिफीत.

सरकारी कारखाने सोडल्यास (१९६४ पासून त्यांची मिळून ‘मेलोदिया’ ही कंपनी झाली) देशात तबकडी काढणारे कोणी नव्हते. त्यामुळे १९५० च्या दशकात लोकांनी रुग्णालयांतून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मवर गाणी कोरली. तिला ‘बरगड्यांवरचे संगीत’ म्हणत, आणि उजेडासमोर धरल्यास जाझच्या आड कोणाच्या तरी फासळ्या खरोखरच दिसत. घराघरांत चकतीचे टेपरेकॉर्डर आले तसा हा उद्योग मागे पडला आणि फितीवरून फीत उतरवण्याचे युग सुरू झाले. सोव्हिएत सरकार सायक्लोस्टाइल यंत्रांना कुलपे लावू शकत होते, पण टेपरेकॉर्डर मात्र त्याचेच कारखाने तयार करत आणि त्याच्याच दुकानांत ते विकले जात. लेनिनग्राडमध्ये आन्द्रेई त्रोपिल्लो यांनी तर तरुण तंत्रज्ञांसाठी असलेल्या सरकारी संस्थेतच ध्वनिमुद्रणाची खोली चालवली. दुसऱ्या बाजूने कानांवर बीबीसी पडत होतीच: लेनिनग्राड सोडून गेलेले सॅक्सोफोनवादक सेवा नोव्गोरोद्सेव १९७७ पासून लंडनहून रशियन भाषेत रॉक संगीताचा कार्यक्रम करत.

प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढे. ओम्स्कचे अल्बम दहाव्या हाताने व्लादिवोस्तोकला पोहोचत तेव्हा त्यांत गिटार कोणती आणि खरखर कोणती हे सांगणे कठीण होत असावे. अर्थात लेतोवच्या बाबतीत तो भेद मूळ फितीतही फारसा नव्हता, आणि हे मी कौतुकानेच लिहितो आहे.

थोडे अवांतर: आमच्या घरी ‘सोव्हिएत देश’ हे नियतकालिक येत असे. त्याच्या गुळगुळीत पानांची वह्यांना उत्तम वेष्टने होत. त्यांवर ट्रॅक्टर, बॅले आणि अंतराळवीर भरपूर असत; गिटार घेतलेला पोरगा पाहिल्याचे मला स्मरत नाही.

पेठेतला पाहुणा

चकवा, ओम्स्कचा मुद्दा मी मान्य करतो. मूळ लेखात त्याला जागा द्यायला हवी होती. मात्र एक शंका उरते. लेतोवचा छळ झाला यावरून राज्य त्याला शत्रू मानत होते एवढे सिद्ध होते, तो स्वतःला काय मानत होता हे नव्हे. जानेवारी १९८५ मध्ये युक्रेनमधील निकोलायेव येथील कोम्सोमोलने, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेने, वैचारिकदृष्ट्या घातक परदेशी कलाकारांची एक यादी फिरवली होती. तीत सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश यांच्यापुढे ‘पंक, हिंसा’ असे लिहिले होते ते ठीक. पण प्रेमगीते गाणाऱ्या हुलिओ इग्लेसियासपुढे ‘नवफॅसिझम’ असा शेरा होता! ज्या राज्याला इग्लेसियास फॅसिस्ट वाटतो त्याच्या भीतीवरून कोण बंडखोर होते हे ठरवायचे का?

चकवा

ठरवायचे. माणसाने काय व्हायचे हे त्याच्या हाती असते, पण त्याला भूमिगत कोण करते? राज्यच करते. पानोवचे टोळके वेडेचाळे करून घरी जाऊ शकले, कारण त्या शहराने त्यांच्यासाठी एक क्लब, काही बॉयलरघरे आणि बरीचशी डोळेझाक राखून ठेवली होती. ओम्स्कमध्ये तसली फट नव्हती, म्हणून तेच वेडेचाळे गुन्हा ठरले. शिवाय लेतोवच्या हेतूबद्दल संदिग्धता फारशी नाही. १९८८ मधील त्याच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचे शीर्षकच ‘सारे काही योजनेनुसार चालले आहे’ असे आहे, आणि पंचवार्षिक योजनांच्या देशात हे वाक्य कोठून उचलले होते हे शाळकरी पोरालाही कळत होते.

रानजाई

हा सारा वाद रशियनांपुरताच चालला आहे, आणि सोव्हिएत संघ म्हणजे रशिया नव्हे. टालिनमध्ये फिनलंडचे दूरदर्शन घरोघरी दिसत असे, त्यामुळे एस्टोनियातील मुलांना पंक म्हणजे काय हे कोणाच्या दहाव्या नकलेवरून शिकावे लागले नाही. ऑलिंपिकच्या शिडांच्या शर्यती ज्या शहरात नुकत्याच पार पडल्या होत्या, त्याच शहरात २२ सप्टेंबर १९८० रोजी कादरिओर्ग मैदानावर रेडिओ आणि दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांचा फुटबॉल सामना होता आणि त्यानंतर ‘प्रोपेलर’ या पंक गटाचे गायन होणार होते. अधिकाऱ्यांनी ते रोखले, आणि चिडलेली तरुण पोरे रस्त्यावर आली. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत शाळकरी मुलांची निदर्शने झाली, पोलिसांनी ती मोडून काढली, आणि महिना संपता संपता एस्टोनियातील चाळीस विचारवंतांनी भाषा व संस्कृतीच्या गळचेपीविषयी एक खुले पत्र लिहिले.

गटाच्या मनात काय होते हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो, कारण रशियन सत्तेखालच्या शहरात एस्टोनियन भाषेत ओरडून गाणे ही गोष्टच राजकीय होती. लेनिनग्राडच्या मुलाला ‘हिशेबात न बसण्या’ची चैन परवडली, कारण राज्य निदान त्याच्या भाषेत बोलत होते. टालिनच्या मुलाला ती सोय नव्हती.

तिसरी घंटा

शब्दावरून धागा निघाला आहे म्हणून एक भाषिक नोंद करतो. रशियनमध्ये भूमिगतसाठी ‘पोद्पोल्ये’ असा अस्सल शब्द आहे, शब्दशः फरशीखालची जागा. झारशाहीच्या विरोधात गुप्तपणे काम करणाऱ्या बोल्शेविकांसाठी तो शालेय पुस्तकांत इतका वापरला गेला होता की त्याला सरकारी वास येत असे. रॉकवाल्यांनी तो टाकून सरळ ‘आंडरग्राउंड’ हा इंग्रजी शब्द घेतला. म्हणजे धागाकर्त्यांना जो संकोच मराठीत वाटतो आहे तो त्या मंडळींनाही रशियनमध्ये वाटला असावा. आपल्यालाही ‘अंडरग्राउंड’ असे देवनागरीत लिहून मोकळे होता येईल.

चकवा यांना मात्र एक टोचणी देतो. आपला ओम्स्कचा नायक १९९० च्या दशकात लेखक एदुआर्द लिमोनोव यांच्या नॅशनल बोल्शेविक पक्षाच्या पहिल्या सदस्यांपैकी एक झाला. ज्या लाल झेंड्याची त्याने रेवडी उडवली होती तोच पुन्हा खांद्यावर घेतला. त्याला लोकशाहीचा हुतात्मा करण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

चकवा

हुतात्मा मी कोठेच म्हटलेले नाही. भूमिगत म्हटले आहे. त्याचे पुढचे राजकारण मलाही रुचत नाही, पण ते १९८५ च्या रुग्णालयातील कोठडी पुसू शकत नाही. उलट मला त्यात एक सुसंगती दिसते: जे राज्य समोर असेल त्याच्या विरोधात उभे राहायचे, मग ते ब्रेझ्नेवच्या वारसांचे असो वा येल्त्सिनचे.

आणि रानजाई, आपल्याला एक गोष्ट सांगायची राहिली. १९९० मध्ये धरपकड थांबली, सभागृहे भरू लागली, आणि आपला गट बाजारू होत चालला आहे असे वाटून लेतोवने तो मोडला. त्या मोडण्यापूर्वीचा शेवटचा कार्यक्रम १३ एप्रिल १९९० रोजी आपल्या टालिनमध्येच झाला. त्याचे ध्वनिमुद्रण मिळते. खरखर तशीच आहे.