खंडग्रास सूर्यग्रहण घरूनच पाहायचंय: खोका, आरसा की चष्मा?

पश्चिमगॅलरी:
येणारं ग्रहण आमच्याकडे खंडग्रास आहे. ग्रासमान (सूर्याच्या व्यासाचा झाकला जाणारा भाग) ०.८, दुपारी उशिरा स्पर्श म्हणजे ग्रहणाची सुरुवात, आणि मोक्षापर्यंत, म्हणजे ग्रहण सुटेपर्यंत, सूर्य बराच खाली आलेला असेल. एकूण अडीचेक तास. कुठे जायचं नाही, घरातूनच पाहायचं. घरात पाच आणि नऊ वर्षांची मुलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजी आणि एक कुत्रा. गॅलरी पश्चिमेला आहे. शंका अशा:

१. बुटांच्या खोक्याला भोक पाडून पाहिलं. सूर्य दिसतो, पण ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्यात ग्रास काय कळणार?
२. मागच्या ग्रहणाचे पुठ्ठ्याचे चष्मे आहेत. त्यावर 'तीन वर्षांनी टाकून द्या' असं छापलंय. टाकायचे का?
३. वेल्डिंगची ११ नंबरची काच मिळते आहे. चालेल?
४. मोबाइलने फोटो निघेल का?
५. गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. काही बंद करावं लागतं का?

सावलीमोजणी:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण बहुतेकांचं तिथेच फसतं आणि मग 'काही दिसलंच नाही' म्हणून मंडळी नुसत्या डोळ्यांनी वर बघायला लागतात.

भोकातून पडणाऱ्या सूर्याच्या प्रतिमेचा व्यास म्हणजे भोकापासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले साधारण १०९. भोक मोठं केल्याने प्रतिमा मोठी होत नाही, फक्त उजळ आणि धूसर होते. बुटांचा खोका ३० सेंमी धरला तर प्रतिमा पावणेतीन मिमीची. ग्रासमान ०.८ म्हणजे ग्रहणमध्याला सूर्याच्या व्यासाचा पाचवा भागच उरणार, म्हणजे तुमच्या खोक्यात ती कोर जेमतेम अर्धा मिमी जाड. भोक १ मिमीचं असेल तर कोरीची कडा तेवढीच, १ मिमीने, पसरते. कोर सगळी त्या धूसरपणात बुडाली. तुमचं काही चुकलेलं नाही, खोका आखूड आहे.

खोकाच करायचा असेल तर दोन-तीन खोके टोकाला टोक लावून निदान एक मीटर लांबी करा. प्रतिमा ९ मिमी येईल. एका टोकाला २ सेंमीची चौकट कापून त्यावर न चुरगळलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवा. फॉइल जाड पुठ्ठ्यावर ठेवून टाचणी सरळ टोचा, हलवू नका. हलवली की भोक फाटून लांबट होतं. एक मीटरला १ ते दीड मिमी भोक पुरे. दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद. बघायची खिडकी कागदाजवळ, बाजूच्या भिंतीत. सांधे काळ्या चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर आत शिरलेल्या उजेडात प्रतिमा धुऊन निघते.

वापरताना पाठ सूर्याकडे. मुलांना हे करून दाखवा, नुसतं सांगू नका. भोक दिसलं की त्याला डोळा लावायचा हे लहान मुलांना उपजतच येतं.

पण तुमची गॅलरी पश्चिमेला आणि सूर्य खाली असेल, तर खोक्याचा खटाटोप सोडून आरसा घ्या. खिशातला लहान आरसा. त्यावर कागद चिकटवून मधे ५ मिमीचं भोक ठेवा. आरसा गॅलरीत उन्हात ठेवून कवडसा खोलीच्या आतल्या भिंतीवर पाडा. अंतर ६ मीटर मिळालं तर प्रतिमा साडेपाच सेंमी, आणि ग्रहणमध्याची कोर ११ मिमी जाड. सगळ्या घराला एकदम दिसते आणि कोणालाही सूर्याकडे तोंड करावं लागत नाही. आजींसाठी मला हेच बरं वाटतं.

- पडदे ओढून खोली अंधारी करा, फक्त कवडसा येईल एवढी फट ठेवा.
- आरसा हातात धरू नका. वाटीत वाळू भरून त्यात खोचा, म्हणजे हवा तसा कलवता येतो.
- कवडसा दर मिनिटाला पाव अंशाने सरकतो. ६ मीटरवर हे अडीच सेंमीच्या पुढे जातं, म्हणजे दोनेक मिनिटांत प्रतिमा स्वतःच्या व्यासाएवढी सरकलेली असते. वाटी अधूनमधून किंचित फिरवत राहायचं.
- कवडसा कुणाच्या डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही. आरशात डोकावायचंही नाही, त्यातला सूर्य खऱ्या सूर्याइतकाच घातक.

काचखडू:
चष्मा आणि काचेबद्दल.

आयएसओ १२३१२-२ या मानकाप्रमाणे थेट सूर्य बघायच्या फिल्टरमधून दृश्य प्रकाश जास्तीत जास्त ०.००३२ टक्के यावा. वेल्डिंगच्या काचेचा नंबर घनतेवर ठरतो: ११ नंबरमधून सुमारे ०.००५ टक्के प्रकाश येतो, १२ मधून ०.००२ च्या आसपास, १४ मधून ०.०००३ पेक्षाही कमी. म्हणजे ११ नको. १२ मर्यादेत बसते पण सूर्य झगझगीत वाटतो. १४ ची डोळ्यांना सुखाची, फक्त सूर्य हिरवा दिसेल. आपोआप गडद होणारं वेल्डिंगचं हेल्मेट वापरू नका. ते आधी फिकं असतं आणि उजेड पडल्यावर गडद होतं, इथे तो क्रमच चुकीचा आहे.

'तीन वर्षांनी टाका' हा छाप जुन्या सवयीचा आहे. चष्मा खरोखर त्या मानकाचा असेल आणि फिल्म धड असेल तर तारखेमुळे तो निकामी होत नाही. निकामी होतो तो चरे, टाचणीएवढी भोकं, घडीची रेघ किंवा पुठ्ठ्यापासून सुटलेली कडा यांमुळे. घरी अशी तपासणी करा:

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा दिवा चष्म्यामागे अगदी जवळ धरा. अंधुक ठिपका दिसला तर ठीक, काहीच दिसलं नाही तरी ठीक. दिव्याभोवतीची वस्तू, हात, भिंत यांतलं काही दिसलं तर चष्मा बाद. दिवा फिल्मवर सगळीकडे फिरवून तेजस्वी टिंबं शोधा. एक सापडलं तरी बाद. मग दिवसा चष्मा लावून घरभर बघा: ट्यूबलाइट, खिडकी, आकाश, काही म्हणता काही दिसता कामा नये. शेवटी सूर्याकडे क्षणभर. काठ स्पष्ट असलेली, डोळ्याला न टोचणारी तबकडी दिसायला हवी, भोवती धुकट वलय नको.

ही चाचणी फक्त दृश्य प्रकाशाची आहे. अतिनील आणि अवरक्त किरण किती येतात हे घरी कळत नाही. छापलेलं मानक खोटंही असू शकतं. चष्मे कुठून आले हे आठवत नसेल तर आरसा आहेच.

नंबरचा चष्मा असेल तर हा त्याच्यावरून लावा. आधी खाली बघून लावा, मग मान वर. काढताना आधी मान खाली, मग काढा.

शंकेखोर:
जुना एक्स-रे दुहेरी करून बघितला की सूर्य छान मंद दिसतो. एवढा खर्च आणि खटाटोप कशाला?

काचखडू:
@शंकेखोर, मंद दिसणं आणि सुरक्षित असणं एक नाही. एक्स-रेचा काळेपणा जागोजागी वेगळा असतो, हाडाच्या जागी तर फिल्म जवळपास पारदर्शक. शिवाय दिसणारा उजेड कमी झाला म्हणून अवरक्त किरण तेवढेच अडले असं होत नाही. काजळी धरलेली काच, रंगीत निगेटिव्ह, सीडी, एकावर एक चढवलेले दोन गॉगल, पाण्याच्या बादलीतलं प्रतिबिंब, सगळी एकाच माळेतली.

उलट मंद फिल्टरने धोका वाढतो. दिपलं की आपण आपोआप मान वळवतो. इथे दिपत नाही म्हणून माणूस टक लावून बसतो. दृष्टिपटलाला वेदना कळतच नाहीत. इजा झाली तर बऱ्याचदा काही तासांनी लक्षात येते: वाचताना मधलीच अक्षरं गायब, सरळ रेघ वाकडी. तसं वाटलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आणि 'आता थोडासाच उरलाय' हे खंडग्रासात कधीही कारण नाही. उरलेली कोर लहान असते, पण तिच्या प्रत्येक भागाचं तेज नेहमीएवढंच असतं. चष्मा काढून बघायची मुभा फक्त खग्रासात, सूर्य पूर्ण झाकला गेलेला असतो तेवढ्याच मिनिटांत. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रासात ती इजिप्तमधल्या लक्सरजवळ सहा मिनिटांहून थोडी जास्त असतील. खंडग्रासात आणि कंकणाकृतीत असा एकही क्षण नसतो.

आजींसाठी: डोळ्यातलं नैसर्गिक भिंग अतिनील किरण बरेच अडवतं. ते काढून बसवलेलं प्रत्येक कृत्रिम भिंग, विशेषतः जुनं, ते तितकंच अडवतं असं नाही. भिंतीवरच दाखवा.

दुर्बीणवाला:
फोटो: चष्म्याची जादा फिल्म मोबाइलच्या लेन्सवर चिकटवून फोटो निघतो, पण अपेक्षा माफक ठेवा. मुख्य कॅमेऱ्याला झूमशिवाय सूर्य तीसेक पिक्सेलचा भरतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या साडेपाच सेंमी प्रतिमेचा फोटो काढा. फोकस भिंतीवर लॉक करा आणि एक्स्पोजर कमी करा, नाहीतर कॅमेरा अंधारी खोली उजळवायला जातो आणि कोर पांढरीफटक होते.

दुर्बीण असेल तर एक गोष्ट पक्की: ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून बघायचं नाही. एकवटलेला प्रकाश फिल्म जाळून आत जातो. दुर्बिणीला फिल्टर लागतो तो पुढच्या, मोठ्या भिंगांवर, दोन्हींवर, वाऱ्याने न उडेल असा घट्ट. दुर्बिणीने कागदावर प्रतिमा पाडता येते, पण घरात पाच वर्षांचं मूल असताना मी ते सुचवणार नाही. डोळा लावायला तयार अशी नळी समोर उभीच असते.

पॅनेल: काही बंद करू नका. ढग येतात-जातात ते इन्व्हर्टर रोजच सांभाळतो, हे तर त्याहून सावकाश घडतं. उत्पादन झाकलेल्या *क्षेत्रफळाच्या* प्रमाणात घटतं आणि ग्रासमान हे व्यासाचं माप आहे. ०.५ ग्रासमानाला क्षेत्रफळ सुमारे ३९ टक्के झाकतं, ०.८ ला सुमारे ७५. म्हणजे ग्रहणमध्याला त्या वेळच्या नेहमीच्या उत्पादनाचा चौथा हिस्सा. बॅटरी असेल तर स्पर्शाआधी भरून घ्या. धुलाई यंत्रासारखी मोठी कामं सकाळीच उरका, एवढंच. अन्न, पाणी, झाडं यांना वेगळं काही होत नाही, ऊन नेहमीचंच, फक्त कमी.

अंधार पडेल अशी मुलांची समजूत असेल तर आधीच सांगून ठेवा. पाव ऊन उरलं तरी ते घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतं. ऊन जरा फिकं, सावल्यांच्या कडा जरा धारदार, इतकंच जाणवेल.

पश्चिमगॅलरी:
मनापासून आभार. आज आरसा लावून पाहिला. अंतर ४ मीटर, भोक १५ मिमी ठेवलं कारण लहान भोकाने फिकं वाटत होतं. प्रतिमा आली, पण कडा धूसर आणि गोलाऐवजी अंडाकृती. सूर्याची वेळही चार वाजताचीच धरली, ग्रहणमध्य त्याच्या बऱ्याच नंतर आहे.

सावलीमोजणी:
तिन्हीची कारणं वेगळी.

धूसर: ४ मीटरवर प्रतिमा ३७ मिमी आणि भोक १५, म्हणजे कडा १५ मिमीने पसरली. कोर त्याहून बारीक असणार. ५ मिमीवर या. फिकं वाटतं ते खोली पुरेशी अंधारी नाही म्हणून. भोक वाढवू नका, पडदे घट्ट करा. भोकाचा आकार चौकोनी झाला तरी चालेल, या अंतरावर फरक पडत नाही.

अंडाकृती: कवडसा भिंतीवर तिरका पडतोय. भिंतीऐवजी पांढरा पुठ्ठा खुर्चीला टेकवून किरणांना काटकोनात ठेवा, लगेच गोल होईल.

वेळ: ग्रहणाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत, बरोबर स्पर्श, मध्य आणि मोक्षाच्या वेळांना तालीम करा. इतक्या दिवसांत त्याच वेळी सूर्य आकाशात फार तर अंशभर इकडेतिकडे असतो, म्हणून समोरची इमारत किंवा झाड कितीला आड येतं ते नेमकं कळतं. वाटीची जागा खडूने आखून ठेवा. मोक्ष आडोशामागे जाणार असेल तर निदान मध्य पदरात पडतो का ते पाहा.

आणखी एक, मुलांसाठी: चाळणी. पण जमिनीपासून एक-दीड मीटर उंच धरा. जवळ धरली की भोकांचेच गोल दिसतात आणि 'कोर नाहीच' म्हणून ओरडा होतो. ३-४ मिमी भोकांना एवढी उंची लागतेच. झाडाखालचे कवडसेही बघा, नेहमीचे गोल त्या दिवशी कोरी झालेले असतात. कोर उलटी दिसेल, वरचं खाली, डावं उजवीकडे, ते बरोबरच आहे.

काचखडू:
पाच वर्षांच्या मुलाला पुठ्ठ्याचा चष्मा सैल होतो आणि बाजूने ऊन दिसतं. कागदी ताटलीत दोन खाचा कापून चष्मा त्यात मागून चिकटवा, कानामागून इलास्टिक घ्या. चेहरा सगळा झाकला जातो. तरी एका वेळी काही सेकंदच, आणि शेजारी मोठं माणूस हवंच.

कुत्र्याला काही करू नका. तो सूर्याकडे टक लावून बघत नाही. फक्त वाळूची वाटी त्याच्या शेपटीच्या टप्प्याबाहेर ठेवा.

चष्मे झाल्यावर घडी न घालता पुस्तकात सपाट ठेवा, आणि फिल्म पुसायची झालीच तर कोरड्या मऊ कापडाने. पाणी लागलं की पुठ्ठा फुगतो आणि कडा सुटते.