बॅकअपचा पासवर्ड कुठे ठेवलाय?

घरच्या बॅकअपच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, 'रेडमध्ये दोन डिस्क आहेत, वेगळा बॅकअप कशाला'. ते पटत नाही. अशा रेडमध्ये (RAID) एकच डेटा दोन्ही डिस्कवर एकदम लिहिला जातो, त्यामुळे चुकून उडवलेली फाइल दोन्हीकडून एकदमच उडते. आमच्या सोलापूरच्या घरातले तीन कॉम्प्युटर रात्री रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने घरच्याच सर्व्हरवर जातात, बाहेरची प्रत अक्कलकोटला बहिणीकडे. पहिले 600 जीबी नेटवरून पाठवले नाहीत. 20 एमबीपीएस अपलोडला पावणेतीन दिवस लागले असते. डिस्क टॉवेलात गुंडाळून एसटीने नेली! आता नेटवरून फक्त बदललेलं तेवढं जातं.

पण पासवर्डाचं कुणीच बोललं नाही. रेस्टिकची प्रत पासवर्डाशिवाय उघडतच नाही, आणि माझा होता नेमका बंद पडलेल्या लॅपटॉपात. सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये सापडला म्हणून वाचलो. आता कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवलाय, बायकोलाही दाखवलाय.