सुपरहिरोचा वर्ण आणि तिकीटबारी

प्रश्न: नायक कृष्णवर्णीय असला की गर्दी वाढते की घटते? 'ब्लॅक पँथर'वरून (२०१८) काय ठरवावं?

प्रतिसाद १: नुसत्या एकूण कमाईवर जाऊ नका, फसगत होते. अमेरिका-कॅनडाची एकूण कमाई पहिल्या वीकेंडच्या आकड्याने भागा; उत्तर जितकं मोठं, तितके लोक नंतरही येत राहिले. इथे पहिले तीन दिवस २०.२ कोटी डॉलर, एकूण ७० कोटी, म्हणजे जवळपास साडेतीन पट. पहिल्या वीकेंडला कृष्णवर्णीय प्रेक्षक सुमारे ३७ टक्के होते, एरवीपेक्षा कितीतरी जास्त. सुरुवात त्यांनी दणक्यात करून दिली, पण साडेतीन पट एकट्या समाजाच्या जोरावर होत नाही हो.

प्रतिसाद २: दुसरा भाग (२०२२) १८.१ कोटींवर उघडला आणि ४५ वर थांबला. अडीच पट. वर्ण तोच की! चॅडविक बोसमन २०२० मध्येच गेले होते, मूळ नायकच उरला नव्हता.

प्रतिसाद ३: आशियाई नायकाचा 'शांग-ची' (२०२१) मोजताना जपून. कोविडचा काळ, त्यात चीनमध्ये प्रदर्शितच झाला नाही. तरी जगभरात ४३ कोटी. आणि 'कॅटवुमन' (२००४) हॅली बेरीच्या वर्णामुळे आपटला म्हणणाऱ्यांनी कृष्णवर्णीय नायकाचाच 'ब्लेड' (१९९८) आठवावा: खर्च साडेचार कोटी, कमाई तेराच्या वर.