बीएस्सी करता करता बीएड होतं का?

प्रश्न: बारावी सायन्स झाली, ७१ टक्के. शाळेत गणितच शिकवायचंय हे पक्कं आहे. पण तीन वर्षं बीएस्सी मग दोन वर्षं बीएड म्हणजे पाच वर्षं, आणि घरचं सगळं शेतीवर, म्हणून विचारतेय की दोन्ही एकदम करता येतं का?

उत्तर: साध्या बीएडला आधी पदवी लागतेच ताई. २०२२ पासून यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) दोन डिग्र्या एकावेळी करू देते, पण ते इथे लागू पडत नाही. तू आयटेप हा एकत्रित कोर्स बघ, बारावीनंतर चार वर्षांत बीएस्सी-बीएड, एक वर्ष वाचतं. प्रवेश एनसीईटी या प्रवेश परीक्षेतून, ती एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते.

उत्तर: मी चार वर्षांचंच केलंय. दमायला होतं, सकाळी कॅल्क्युलस, रात्री पाठाचं टाचण, आणि इंटर्नशिपला दांडी चालत नाही, ९० टक्के हजेरी लागते. पण सहावीला अपूर्णांक घेताना फळ्यावर भाकरी काढली, चार भाग केले, तर मागच्या बाकावरचा एकदम ओरडला, "सर, चतकोर म्हणजेच एक चतुर्थांश!" त्या दिवशी सगळा शीण गेला.

उत्तर: फी भरायच्या आधी कॉलेजला एनसीटीईची (शिक्षक प्रशिक्षणाला मान्यता देणारी राष्ट्रीय परिषद) मान्यता आहे का ते स्वतः बघ, माझ्या बहिणीचं एक वर्ष त्यातच वाया गेलं. आणि आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पुढे द्यावीच लागते. भोपाळच्या आरआयईचाही (प्रादेशिक शिक्षण संस्था) विचार कर, महाराष्ट्र त्यांच्याच विभागात येतो.

प्रश्नकर्ती: खूप आभार, आज रात्रीच बाबांशी बोलते.