'हाइस्ट'ला मराठी शब्द कोणता?

प्रश्न : 'स्पेशल २६' (२०१३) या हिंदी चित्रपटाच्या परीक्षणात 'हाइस्ट थ्रिलर' (पद्धतशीर बेत आखून केलेल्या लुटीचा थरारपट) ऐवजी 'दरोडापट' लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद १ : दरोडा नको. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३९१ प्रमाणे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. आणि जबरी चोरीला मारहाण किंवा तत्काळ इजेची, अडकवून ठेवण्याची भीती लागते. इथे टोळी सीबीआयचे अधिकारी बनून येते, झडती घेते आणि माल 'जप्त' करून नेते. ही तोतयेगिरी (कलम १७०) आणि फसवणूक (४२०). घरफोडीही नव्हे, दार घरमालकच उघडतो.

प्रतिसाद २ : कायद्याने बरोबर, पण शीर्षकात 'तोतयेगिरीपट' कोण वाचणार? पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवेल! माझी पसंती 'धाड'ला. दरोडेखोरांचीही धाड पडते आणि आयकरवाल्यांचीही. चित्रपटाची सगळी गंमत याच दुहेरी अर्थात आहे. मंत्र्याच्या घरी काळा पैसा सापडतो, म्हणून तो तक्रारच करत नाही. खरी धाड समजून गप्प बसतो, खोटी कळली तरी गप्पच. 'छापा'मध्ये पोलीस दिसतात, लुटारू दिसत नाहीत.

प्रतिसाद १ : मान्य, पण ते या एका चित्रपटापुरते. तिजोरी फोडणाऱ्यांना 'धाड' कशी लावणार? तिथे 'डल्ला' बरा. नियोजन, टेहळणी, माणसांची जुळवाजुळव हे मात्र त्यात येत नाही, आणि हाइस्टचा जीव त्यातच असतो. त्यामुळे प्रकाराचे नाव म्हणून 'लूटपट', आणि मजकुरात 'बेतून केलेली लूट'.

प्रतिसाद ३ : परीक्षणात हे जरूर लिहा : १९८७ मध्ये मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या सराफी पेढीवर पडलेल्या बनावट धाडीवर कथा बेतली आहे. जाहिरात देऊन उमेदवार बोलवायचे, त्यांतले २६ निवडायचे आणि त्यांनाच छाप्यावर न्यायचे, ही युक्ती तिथलीच. भरतीच्या मुलाखतींचा भाग सर्वांत सरस, कारण त्या पोरांना नोकरी खरी वाटते. प्रेमप्रकरण आणि गाणी आली की मात्र चित्रपट बसकण मारतो. शेवटची कलाटणीही मागचे प्रसंग फिरवून समजवावी लागते. तिथे 'उत्कंठा' शब्द वापरू नका, 'चकवा' म्हणा.