कर्क्युमिनचं (हळदीतला पिवळा घटक) मायक्रोइमल्शन (तेल-पाण्याचं अतिसूक्ष्म थेंबांचं मिश्रण) जेलमध्ये टाकलं की गढूळ होतंय
ट्वीन ८० (सर्फॅक्टंट, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणारं द्रव्य) आणि ट्रान्सक्युटॉल (विरघळायला मदत करणारा द्रावक) वापरून मायक्रोइमल्शन अगदी पारदर्शक येतंय, पण कार्बोपोल ९४० (जेल बनवणारं पॉलिमर) च्या जेलमध्ये मिसळलं की दुधाळ होतं. काय करू?

रिप्लाय १: जेलमधलं पाणी धरलंयस का हिशोबात? तेवढ्या पाण्याने मिश्रण फेज डायग्राममधल्या (तेल, पाणी, सर्फॅक्टंटच्या कोणत्या प्रमाणात काय बनतं ते दाखवणारा आलेख) मायक्रोइमल्शनच्या भागाबाहेर जात असणार, आधी नुसतं पाणी घालून बघ, तेव्हाही गढूळलं तर कार्बोपोलचा दोष नाही. आणि ट्रायइथेनॉलअमाईन (कार्बोपोलचं जेल घट्ट करणारं अल्कली) थेंबथेंब घाल, पीएच ६ च्या आसपास थांब, अल्कली जास्त झालं की पिवळा रंग लालसर होतो आणि कर्क्युमिन भराभर तुटतं.

रिप्लाय २: सर्फॅक्टंट वाढवून पारदर्शक करत बसू नकोस हां, त्वचेची आग होईल. फ्रान्झ सेलच्या (त्वचेतून औषध किती पार जातं ते मोजायचं उपकरण) रिसेप्टरमध्येही (पार आलेलं औषध जमा होणारा खालचा कप्पा) नुसता बफर (पीएच स्थिर ठेवणारं पाण्याचं द्रावण) नको, कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही, थोडं इथेनॉल टाक.