भाजीच्या शेतातला हंगामी वाटा: अर्धा घ्यावा की पूर्ण?

वसुधा_नाशिक यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही दीड वर्षापूर्वी मॅसॅच्युसेट्सच्या मध्य भागात राहायला आलो. घरापासून सात मैलांवर भाजीपाल्याचे एक छोटे शेत आहे आणि तिथे हंगामी वाटे मिळतात, ज्याला इथे सगळे 'सीएसए शेअर' (कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर) म्हणतात. मार्चअखेर संपूर्ण हंगामाचे पैसे भरायचे, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून वीस आठवडे दर गुरुवारी दुपारी तीन ते सात या वेळेत शेतावर जाऊन त्या आठवड्यात निघालेली भाजी घेऊन यायची, अशी पद्धत आहे. पूर्ण वाट्याचे ७२० डॉलर आहेत, अर्ध्याचे ४२०. सफरचंदे, पीच आणि नाशपाती यांचा जोडवाटा हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे पडतात.

घरात आम्ही दोघे आणि सात वर्षांची मुलगी. सासूबाई जूनमध्ये नाशिकहून येतील आणि नोव्हेंबरपर्यंत राहतील. दोन्ही वेळा पोळी-भाजी होते, त्यामुळे भाजी लागते भरपूर. पण मागच्या वर्षी शेजारणीच्या वाट्यातल्या ज्या भाज्या पाहिल्या, त्यांतल्या निम्म्या मी कधी शिजवलेल्या नाहीत. केल, चार्ड, पांढरे सलगम, लसणाचे गोल वळलेले हिरवे दांडे, यांचे आपल्या पद्धतीने काय होते? शिवाय एवढे पैसे आधी भरल्यावर पावसाने किंवा किडीने पीक गेले, तर ते परत मिळतात का? ऑगस्टमध्ये आम्ही दोन आठवडे बाहेरगावी असू, त्या वेळच्या वाट्याचे काय करतात? ज्यांनी काही वर्षे वाटा घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


नदीकाठ यांचे उत्तर

वसुधाताई, आम्ही कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात राहतो आणि सात हंगाम एकाच शेताचे वाटेकरी आहोत. तुमच्या पैशांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

पीक बुडाले तर पैसे परत मिळत नाहीत. वाटा या शब्दाचा इथला अर्थच तो आहे: शेतात जे पिकेल त्यातला वाटा आपला, आणि जे बुडेल त्यातलाही. छोट्या शेतकऱ्याला बियाणे, कंपोस्ट, हरितगृहातल्या रोपांसाठीचे इंधन आणि मजुरी यांवर फेब्रुवारी-मार्चपासून खर्च करावा लागतो, आणि विकण्याजोगी भाजी हाती येते ती जूनमध्ये. मधल्या चार महिन्यांसाठी तो एरवी कर्ज काढतो. वाटेकऱ्यांचे पैसे आधी आले की त्या कर्जाची गरज कमी होते आणि किती घरांसाठी पेरायचे हेही त्याला पेरणीपूर्वीच कळते. अमेरिकेत या पद्धतीची सुरुवात १९८६ मध्ये दोन ठिकाणी झाली, एक आपल्याच मॅसॅच्युसेट्समधले साउथ एग्रेमाँटचे इंडियन लाइन फार्म आणि दुसरे न्यू हॅम्पशायरमधले टेम्पल-विल्टन कम्युनिटी फार्म. टेम्पल-विल्टनला तर वाट्याची ठरावीक किंमतच नव्हती. वर्षाचा खर्च सभासदांपुढे मांडला जाई आणि प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम कबूल करी. जपानमध्ये याच विचाराची 'तेइकेई' पद्धत त्याआधीच, १९७० च्या दशकात, रुजलेली होती.

जोखीम म्हणजे नेमके काय, ते आम्ही २०२३ मध्ये पाहिले. त्या वर्षी १० जुलैच्या मोठ्या पावसानंतर नॉर्थॅम्प्टन, हॅडली, डीअरफील्ड या भागांतल्या नदीकाठच्या शेतांत पाणी शिरले. इथली गाळाची जमीन अतिशय सुपीक आहे, पण ती नदीने आणून टाकलेली आहे आणि नदी कधीतरी तिच्यावर येतेच. पुराचे पाणी ज्या भाजीच्या खाण्याच्या भागाला लागले ती भाजी अन्नसुरक्षेच्या नियमानुसार विकता येत नाही, मग ती वरून कितीही टवटवीत दिसो, कारण त्या पाण्यात सांडपाणी, इंधन, काहीही मिसळलेले असू शकते. त्यामुळे पाणी ओसरल्यावर उभे पीक नांगरून टाकण्याची वेळ अनेक शेतांवर आली. आमच्या शेताचा खालचा मळा पूर्ण गेला, वरचा वाचला. वीसपैकी सहा आठवडे आमचा वाटा निम्म्याहून कमी होता, आणि काही गुरुवारी पिशवीत कोबी, कांदे आणि थोडा पाला एवढेच असे. शेतकरीणबाई दर आठवड्याला पत्र लिहून कोणता वाफा गेला आणि त्या जागी काय पेरले ते कळवत असत. सप्टेंबरमध्ये त्याच खालच्या मळ्यात पेरलेला पालक आणि मुळा आमच्या हाती आला, तेव्हा मुलांनी तो वाफा शोधून पाहिला होता. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पैसे भरताना आम्हाला विचार करावा लागला नाही. मात्र ज्या घराचा भाजीचा महिन्याचा हिशोब तंग आहे, त्या घराने अशा वर्षाचाही विचार करूनच पाऊल टाकावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

फळांच्या जोडवाट्याची जोखीम वेगळी असते आणि मोजायची तीही वेगळीच. त्याच २०२३ मध्ये फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीने पीचच्या कळ्या गेल्या आणि १८ मेच्या रात्रीच्या फ्रॉस्टने, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीने, सफरचंदाच्या मोहोराचे ठिकठिकाणी मोठे नुकसान केले. भाजीचा गेलेला वाफा महिन्याभरात पुन्हा पेरता येतो. झाडाचा गेलेला मोहोर पुढच्या वर्षीच येतो. पहिल्या वर्षी फळांचा वाटा घेऊ नका, बागेवर जाऊन किलोभर विकत घ्या.

बाहेरगावी असाल तेव्हा शेजाऱ्यांना किंवा मित्रांना तुमच्या नावाने भाजी न्यायला सांगता येते. काही शेते आधी कळवल्यास पुढच्या आठवड्यात दुप्पट देतात. कोणी न नेलेली भाजी बहुतेक ठिकाणी जवळच्या अन्नछत्राला जाते, तेव्हा ती वाया गेली अशी रुखरुख नको.


शेवंता यांचे उत्तर

स्वयंपाकघराचे मी सांगते. आमचा हा नववा हंगाम आहे आणि पहिल्या वर्षी माझीही तुमच्यासारखीच चिंता होती. मला उपयोगी पडली ती एकच गोष्ट, ती म्हणजे अनोळखी भाजी हातात आली की तिचे इथले नाव विसरून तिचा पाला, देठ किंवा कंद आपल्या कोणत्या भाजीच्या जवळचा आहे ते चाखून पाहायचे.

चार्ड ही बीटचीच बहीण आहे, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीची. म्हणून तिची अळूच्या फदफद्यासारखी पातळ भाजी सुंदर होते: हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे शिजवून घ्यायचे, पाला आणि देठ वेगवेगळे चिरायचे, देठ आधी टाकायचे, आणि शेवटी चिंच-गूळ. केलचा पाला जाड असतो, त्यामुळे मधली शीर काढून अगदी बारीक चिरावा आणि लसणाच्या फोडणीवर वाफ आणून डाळीचे पीठ पेरावे. मेथीची पीठ पेरून भाजी जिला जमते तिला हे शिकवावे लागत नाही. ऑक्टोबरमध्ये एकदा फ्रॉस्ट पडून गेल्यावर केल आणि गाजरे गोड होतात, हे तुमच्या सासूबाईंना मुद्दाम चाखवा.

लसणाचे हिरवे दांडे म्हणजे लसणाचे फुलदांडे. खालचा गड्डा मोठा व्हावा म्हणून ते जूनमध्ये खुडतात. हिरवी मिरची, भाजलेले दाणे आणि मीठ घालून त्यांचा ठेचा करा, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. पांढऱ्या सलगमांची कच्चीच कोशिंबीर करावी, दही आणि मोहरीची फोडणी देऊन, आणि त्यांचा पाला मुळ्याच्या पाल्यासारखा मूगडाळ घालून परतावा. कोहलराबी पाहून घाबरू नका, तो आपला नवलकोल आहे. डिल म्हणजे शेपू, आणि इथे तो लोणच्याच्या काकड्यांबरोबर जुलैमध्ये जुड्यांनी मिळतो. झुकिनी जुलै-ऑगस्टमध्ये इतकी येते की भाजी करून संपत नाही. ती किसून थालीपिठात घालावी, तिचे पाणी सुटते तेवढेच पीठ मळायला पुरते. बटरनट भोपळ्याचे घारगे करा. हा भोपळा फ्रिजमध्ये ठेवू नये, घरातल्या थंड कोरड्या कोपऱ्यात तो दोन-तीन महिने टिकतो. हंगामाच्या शेवटी हिरवे टोमॅटो मिळाले तर तीळ-दाण्यांची चटणी ठरलेली.

गुरुवारची संध्याकाळ मोकळी ठेवा, हे मात्र आवर्जून सांगते. मुळा, बीट, गाजर, सलगम यांचा पाला आल्या आल्या कापून वेगळा ठेवायचा, कारण तो तसाच राहिला तर कंदातले पाणी ओढतो आणि दोन दिवसांत कंद मऊ पडतात. मका त्याच दिवशी खायचा. टोमॅटो बाहेर ठेवायचे. पालेभाज्या पहिल्या तीन दिवसांत, कोबी-कंद नंतर. हे एवढे तासाभराचे काम केले नाही तर बुधवारी टाकून देण्याची भाजी खूप निघते, आणि कोणाच्या कष्टाची भाजी टाकताना मला फार वाईट वाटते.

चौघांच्या घराला, दोन्ही वेळा भाजी होत असेल, तर पूर्ण वाटा संपतो. पण जूनमध्ये जवळजवळ सगळा पालाच येतो, तेव्हा पहिले तीन आठवडे जड जातात.


पानगळ यांचे उत्तर

वेगळा अनुभव नोंदवतो. आम्ही दोघेच, दोघांच्याही नोकऱ्या बॉस्टनमध्ये, आणि आमच्या शेतावरची वेळ साडेसहाला संपायची. वीसपैकी पाच गुरुवार रहदारीत चुकले. भाजी उत्तम होती, शेतकऱ्याचा काहीही दोष नव्हता, पण दुसऱ्या वर्षी आम्ही वाटा घेतला नाही आणि त्याच शेताच्या शनिवारच्या बाजारातल्या टपरीवरून हवी तेवढी भाजी घेऊ लागलो. शेतकऱ्याला मार्चमध्ये आधार देणे आणि ऑगस्टमध्ये रोखीने घेणे यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. तरीही ठरलेली वेळ पाळणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी वाटा घेऊ नये. तुमच्या घरी सासूबाई असतील, पण त्या गाडी चालवणार नाहीत. तेव्हा गुरुवारी तीन ते सातमध्ये नक्की कोण जाणार, हे पैसे भरण्यापूर्वी ठरवा.


माळरान यांचे उत्तर

मी दोन हंगाम श्रमाचा वाटा घेतला होता, म्हणजे आठवड्याला चार तास शेतावर काम आणि त्या बदल्यात अर्धा वाटा. सगळीकडे ही सोय नसते, पण विचारायला हरकत नाही.

त्या निमित्ताने शेतकऱ्याला काय विचारावे हे कळले. भाजीची खोकी आधी भरलेली असतात की टेबलांवर मांडलेल्या भाज्यांतून स्वतः निवडायची असतात, हे पहिले विचारा. निवडता येत असेल तर ज्या घरात चार्ड खपत नाही त्यांना तिच्याऐवजी शेंगा घेता येतात, आणि आपल्यासारख्या घरांना त्याचा फार फायदा होतो. स्वतः खुडायच्या वाफ्यांत काय काय आहे, ते दुसरे. आमच्याकडे चेरी टोमॅटो, फरसबी, कोथिंबीर, तुळशीचा इथला प्रकार आणि फुले वाटेकऱ्यांनी स्वतः खुडायची असत, आणि लहान मुलांना घेऊन जायचे तर याहून चांगली जागा नाही. सर्व भाजी याच शेतातली असते की काही दुसऱ्यांकडून घेतलेली असते, तेही मोकळेपणाने विचारा. मका किंवा भोपळे शेजारच्या शेतातून घेणे यात गैर काही नाही, फक्त ते आपल्याला माहीत असावे.

आता माझ्या सर्वांत आवडीचा विषय. शेतावर मला पहिल्याच दिवशी निंदणीला बसवले आणि वाफ्यातून मी जे उपटत होतो ते चाकवत होते. इथे त्याला 'लॅम्ब्ज क्वार्टर्स' म्हणतात आणि ते तण समजून ढिगाऱ्यावर टाकतात. जुलैत जमिनीलगत पसरणारी घोळही तशीच, तिचे इथले नाव 'पर्सलेन'. मी शेतकऱ्याला विचारून दोन्ही घरी नेली, ताकातली चाकवताची भाजी केली आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यासाठी डब्यात भरून नेली. त्यानंतर ते माझ्यासाठी चाकवताची कोवळी रोपे बाजूला ठेवू लागले. तुमच्या सासूबाईंना या भाज्या नक्की ओळखता येतील. फक्त एक काळजी घ्या: घोळीसारखीच दिसणारी आणि तिच्याच शेजारी उगवणारी 'स्पर्ज' नावाची एक विषारी वनस्पती आहे. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, तिला हात लावू नका. आणि न विचारता शेतातून काही उपटू नये, हे सांगायला नकोच.


वसुधा_नाशिक यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल सासूबाईंना फोनवर हे सगळे वाचून दाखवले. चाकवत आणि घोळ ऐकल्यावर त्यांनी पूर्ण वाटाच घे असे सांगितले, पण जूनमधला पाला आणि ऑगस्टमधले दोन आठवडे धरून आम्ही या वर्षी अर्धा वाटा घ्यायचे ठरवले आहे. कमी पडले तर शनिवारच्या बाजारातून घेऊ. फळांचा वाटा घेत नाही. गुरुवारी मुलीला शाळेतून आणून मी थेट शेतावर जाईन, साडेतीनला पोचता येते. सुट्टीतले दोन वाटे शेजारीण नेणार आहे. आज शेतकऱ्यांशी बोलणे झाले: भाजी टेबलांवर मांडलेली असते, शेंगा आणि कोथिंबीर स्वतः खुडायची असते, आणि चाकवत हवा तेवढा न्या असे ते म्हणाले. शेवंताताई, चार्डच्या पातळ भाजीला चिंचेऐवजी ताक लावले तर चालेल का, तेवढे कळवा.


शेवंता यांचे उत्तर

चालेल. ताकाला थोडे डाळीचे पीठ लावून घ्या आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, म्हणजे फुटणार नाही. मग गूळ थोडा कमी घाला.